धीराच्या सात पायऱ्या

३ फेब्रुवारी, सोमवार

आज खोलीची किल्ली मिळाली. चर्चच्या मागे घडीच्या खुर्च्या ठेवायचे, तीच खोली. आता दोनच खुर्च्या ठेवल्यात, मध्ये स्टूल, स्टुलावर कागदी रुमालांचा डबा. खिडकी नाही. दारावर पाळकसाहेबांनी स्वतः पाटी ठोकली : ‘समुपदेशन. सोमवार व गुरुवार, चार ते सहा’. पाटी वाकडी झालीय, पण त्यांचा उत्साह बघून तशीच राहू दिली.

बारा शनिवार शिकवणी झाली. शेवटी चार पानांचं टिपण मिळालं, ‘दुःखितांना धीर देण्याच्या सात पायऱ्या’. प्रार्थना, श्रवण (दहा मिनिटं), बायबलमधलं योग्य वचन, मनाची तपासणी, क्षमा, उपकारांची यादी आणि शेवटी चर्चच्या मंडळीसमोर साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगणं. सगळ्या तोंडपाठ केल्या. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत, पाठांतराला मी कुणाला हार जायची नाही.

इतक्या जणांत मलाच का निवडलं तेही पाळकसाहेबांनी काल सांगितलं. सहा वर्षांपूर्वी आमची मुलगी गेली, तेव्हा त्याच्या दुसऱ्याच रविवारी मी पुढे उभी राहून साक्ष दिली होती. डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. पाळकसाहेब तेव्हा इथे नव्हते, पण लोक अजून सांगतात. ऐकताना अवघडल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

ह्यांना किल्ली दाखवली. हे म्हणाले, “कुलूप जुनं आहे, तेल घालून देतो.” बस, एवढंच. ह्यांचे गुडघे दुखतात, म्हणून सहा वर्षं चर्चला येत नाहीत. मंडईत चालत जातात. सपाट रस्त्याला त्रास होत नाही म्हणे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कुणी आलं नाही. स्वेटरची एक बाही झाली.

१० फेब्रुवारी, सोमवार

पहिली बाई आली. आणि आली ती कोण, तर कडक.

मंडळीत तिला सगळे ‘कडक’च म्हणतात. मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत सुपरवायझर आहे. चादरीवर सुरकुती दिसली की परत इस्त्रीच्या रोलरखाली पाठवते आणि माणसांशीही साधारण तसंच वागते. चव्वेचाळीस वर्षांची, एकटी राहते. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते आणि मुलं तिला घाबरत नाहीत, हे एक नवलच.

उन्हं तापलीत, तरी डाव्या गालावरून लोकरी मफलर गुंडाळलेला होता. चेहऱ्याच्या नसेचा आजार आहे म्हणाली. तीन वर्षं झाली. गालाला वारा लागला, दात घासले, जास्त बोललं, की वीज लागल्यासारखी कळ येते. गोळ्यांनी डोकं जड होतं, कळ तशीच राहते.

मी पहिली पायरी घेतली. दुसरीला घड्याळ बघितलं. तिसरीला वचन वाचायला लागले तर म्हणाली, “ताई, तुमच्या कागदावर पुढे काय आहे ते एकदम सांगा. मला बोलायला त्रास होतो, मग मी कामापुरतं बोलेन.”

मी मनाची तपासणी, क्षमा, उपकार असं सांगितलं.

“तपासणी डॉक्टरांनी तीनदा केली,” ती म्हणाली. “क्षमा कुणाला करू, नसेला? आणि उपकारांची यादी मी रोज करते. उजवा गाल दुखत नाही. झाली यादी.”

सव्वाचारला निघून गेली. समुपदेशनाच्या वहीत मी लिहिलं : ‘मनात राग. कृतघ्नतेकडे कल. पुढच्या वेळी पाचवी पायरी.’ पुढची वेळ येईल असं काही वाटत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आली. मी तयारी करून गेले होते, क्षमेवरची पाच वचनं खुणा घालून ठेवली होती.

तिने हात वर केला. “मी सल्ल्यासाठी आले नाही. या खोलीला खिडकी नाही, म्हणून आले. इथे वारा येत नाही. हॉस्पिटलमध्ये पंखे, घरी फटी, बसमध्ये तर विचारू नका. तासभर मफलर काढून बसू का?”

मी काय म्हणणार? बस म्हटलं. मफलर काढून ती डोळे मिटून बसली. मी दुसऱ्या बाहीला सुरुवात केली. समुपदेशनाचा तास आणि दोन बायका मुक्या. पाळकसाहेबांनी बघितलं असतं तर किल्ली काढून घेतली असती.

जाता जाता तिने आरोग्यासाठीच्या प्रार्थनासभेचं सांगितलं. पाच जणांनी मिळून तिच्या डाव्या गालावर हात ठेवले. हात लावू नका म्हणायला तोंड उघडावं लागतं आणि तोंड उघडलं की कळ. ती किंचाळली. त्यांना वाटलं आजार बाहेर पडतोय. त्यांनी आणखी जोरात दाबलं.

मला हसू आलं. मग लाज वाटली. तीही हसत होती, फक्त उजव्या बाजूने.

१६ फेब्रुवारी, रविवार

रविवारच्या शाळेत प्रकरण झालं. एका लहान मुलीने कडकला विचारलं, “बाई, आम्ही सगळ्यांनी तुमच्यासाठी प्रार्थना केली, तरी तुमचं का दुखतं?”

कडक म्हणाली, “मीही देवाला रोज तेच विचारते. कधीकधी ओरडून विचारते. अजून उत्तर आलं नाही. आलं की तुला सांगते.”

मुलीने घरी जाऊन सांगितलं. आईने मंडळीच्या समितीच्या सेक्रेटरींना फोन केला. आमचे सेक्रेटरी जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेत. कुणाचीही हद्द कुठे संपते ते त्यांना बरोबर ठाऊक असतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सेक्रेटरी घरी आले. “बाई, ती तुमच्याकडे येते ना? वहीतलं समितीला बघायचंय. तिची श्रद्धा डळमळलीय का, ते कळायला हवं. लहान मुलांचा प्रश्न आहे.”

मी पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, “मावशी, वही नको, नुसता सारांश द्या. तिच्या भल्यासाठीच आहे.” आवाज दबलेला होता. तरुण माणूस आहे, समितीपुढे त्याचं काही चालत नाही.

मला वाटलं, बरोबरच असेल. आपण नवीन, ते अनुभवी. अर्धं पान सारांश लिहिला. ह्यांनी तो टेबलावरून उचलून वाचला. सहसा माझ्या कागदांना हात लावत नाहीत.

“हे तिला दाखवलंस?”

“तिला कशाला? समितीसाठी आहे.”

“तिच्याबद्दल आहे ना,” हे म्हणाले आणि कागद होता तसा ठेवून दिला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज माझ्यासमोर तिला कळ आली. काही झालं नव्हतं, वारा नव्हता, नुसती आवंढा गिळत होती. एकदम ताठ झाली. चेहरा असा झाला की तो इथे उतरवून काढता येणार नाही. आवाज नाही. आवाजानेही दुखतं. मी वचन आठवायला गेले आणि एकही आठवलं नाही. मी, जिला अख्ख्या शहराचे नंबर पाठ होते. मग मी सेकंद मोजत बसले. बेचाळीस. थोडं थांबून कळ परत आली, तेव्हा एकोणसाठ. मध्ये केव्हातरी तिने माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही.

सगळं ओसरल्यावर म्हणाली, “काही बोलला नाहीत. बरं केलंत.”

“मला सुचलंच नाही,” मी खरं ते सांगितलं.

“म्हणून तर.”

मग का कोण जाणे, मी पर्समधून तो सारांश काढून तिच्या हातात दिला. तिने दोनदा वाचला.

“‘कृतघ्नतेकडे कल.’ मी कृतघ्न?”

“तुम्ही देवावर ओरडता म्हणून...”

“ताई, मी ओरडते, कारण तो आहे याची मला खात्री आहे. रिकाम्या घराची कडी कुणी रोज वाजवतं का?” कपड्यांवर नंबर टाकायचं पेन तिच्या खिशात असतंच. ते काढून तिने सारांशाखाली लिहिलं : ‘मी हे वाचलं. खोटं आहे.’ सही केली, तारीख घातली. “आता द्या त्यांना.”

घरी आले तर मनगटावर चार बोटं निळी उठलेली. ह्यांनी मलम लावलं. “तिला कळ आली तेव्हा तू काय केलंस?”

“काहीच नाही. नुसती बसले.”

“नुसती बसलीस?” ह्यांनी मलमाचं झाकण लावलं. मग गॅलरीत जाऊन उभे राहिले. बिचाऱ्यांना संध्याकाळी गुडघे जास्त त्रास देतात.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सारांश अजून माझ्या पर्समध्येच आहे, तेवढ्यात पाळकसाहेबांनी तोडगा काढला. कडकने नऊ मार्चच्या उपासनेत साक्ष द्यायची. दुखणं आहे, तरी मन शांत आहे, देवाचे आभार, एवढंच. मग समिती विषय मिटवेल आणि मुलांचा वर्ग तिच्याकडेच राहील. “तुमच्यासारखी साक्ष, मावशी. तुम्हीच तिला लिहून द्या.”

मला पटलं. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून लिहायला घेतलं. हे समोर मटार सोलत होते. झाल्यावर ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटी ‘देवाने या दुःखात मला अपार शांती दिली’ असं होतं.

ह्यांनी मटार खाली ठेवले.

“तेव्हा तू असंच म्हणाली होतीस,” हे म्हणाले. “फक्त ‘मला’ नव्हतीस म्हणाली. ‘देवाने आपल्याला शांती दिली’ म्हणालीस. मी तिसऱ्या बाकावर होतो. मला नव्हती दिली. पण तू ‘आपल्याला’ म्हणालीस, सगळे माझ्याकडे वळून हसले, एकाने पाठीवर थाप मारली. त्यानंतर मी रडलो असतो तर तू खोटी पडली असतीस.”

मी चहा ठेवला. चहा होईपर्यंत हे चपला घालून बाहेर गेले होते.

६ मार्च, गुरुवार

नऊ दिवस लिहिलं नाही. स्वेटर उसवला. माप चुकलं होतं.

आज कडकला सांगितलं, मी साक्ष लिहून देणार नाही. ती म्हणाली, “मागितली कुणी? मी उभी राहते, पण जे आहे ते बोलेन. दुखतं, कारण माहीत नाही, तरी मी येत राहीन. चालेल का, विचारा त्यांना.”

चर्चच्या अंगणातूनच सेक्रेटरींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “अशाने लोक खचतात.” रविवारपासून मुलांचा वर्ग दुसऱ्या बाईंकडे. आणि उपासनेनंतर वही घेऊन समितीच्या खोलीत या.

परत खोलीत येऊन कडकला सांगितलं. तिने मफलर नीट गुंडाळला, गाठ मारली. “मुलांचा पुढचा धडा तयार आहे माझ्याकडे,” म्हणाली. “चित्रंही काढलीत.” तिचा आवाज कापताना मी पहिल्यांदाच ऐकला. दुखण्याने तो कधी कापला नव्हता.

९ मार्च, रविवार

जे झालं ते क्रमाने लिहिते, कारण उद्या लोक वेगळंच सांगतील.

पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? कडक मागच्या बाकावर मफलर बांधून बसली होती. कुणी उठलं नाही. मग मी उठले. पुढे जाईपर्यंत काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.

“सहा वर्षांपूर्वी मी इथे उभी राहून बोलले होते,” मी म्हणाले. “तुम्हाला ते फार आवडलं होतं. त्यातला एक शब्द मला मागे घ्यायचाय. देवाने ‘आपल्याला’ शांती दिली असं मी म्हटलं होतं. माझ्या नवऱ्याला दिली नव्हती. मी त्यांना विचारलंही नव्हतं. मला दिली होती का, तेही आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मला उभं राहता आलं, हे खरं. बाकीचं मी चांगलं दिसावं म्हणून जोडलं. आणि तेव्हापासून मंडळीत ज्याचं दुखतं त्याला माझं उदाहरण देतात. ते बंद करा.”

सेक्रेटरी खाकरले. मी म्हटलं, “माझं झालं नाही. आपल्यातल्या एका बाईचं तीन वर्षं दुखतंय. एका मुलीने खरं विचारलं, तिने खरं सांगितलं. त्याबद्दल तिचा वर्ग काढून घेतलात. देवाला तिच्या ओरडण्याचा राग आला असेल तर तो तिला सांगेल. त्याला आपल्या समितीची गरज नाही. झालं.”

जागेवर जाऊन बसले. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. एका म्हाताऱ्या बाईंनी मात्र पुढून हात मागे करून माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

समितीच्या खोलीत सेक्रेटरी म्हणाले, “खोली मंडळीची, वहीही मंडळीची.”

मी वही दिली. त्यांनी उघडली. तिच्याबद्दलची पानं मी सकाळीच कात्रीने कापून गॅसवर जाळली होती. सारांशाचा कागद मात्र आत ठेवला होता, तिच्या सहीसकट.

“हे काय?”

“वही तुमची. दुखणं तिचं. वाटणी केली.”

किल्ली टेबलावर ठेवली. पाळकसाहेब किल्लीकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. मला त्यांचा राग येत नाही. म्हणजे, येतो.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. हे ऐकत होते. पुन्हा एकदा सांग म्हणाले. पुन्हा सांगितलं.

१३ मार्च, गुरुवार

सवयीने चार वाजता पर्स घेऊन तयार झाले आणि मग आठवलं, जायचं कुठे? तेवढ्यात कडकचा फोन. “हॉस्पिटलला या. तळमजला, शेवटचं दार.”

धुतलेल्या कपड्यांची खोली. फळ्यांवर छतापर्यंत चादरी, गाऊन, ऑपरेशनचे हिरवे कपडे. नुकत्या इस्त्री केलेल्या कपड्यांची ऊब आणि वारा अजिबात नाही. आम्ही गाठोड्यांवर बसलो. एक तास. बोललो थोडं. ऑपरेशनचं विचारतेय म्हणाली, कवटीमागून नसेपर्यंत जातात. मी वचन दिलं नाही, उशी दिली.

२७ मार्च, गुरुवार

आता लिफ्टवाले काकाही येतात. त्यांची बायको दोन वर्षं अंथरुणावर आहे. पहिल्या दिवशी दारात उभं राहून विचारलं, “इथे बोलावं लागतं का?” कडक म्हणाली, “नाही. पण पाय पुसून या.”

आज हे आले. मी बोलावलं नव्हतं. हिरव्या कपड्यांच्या गाठोड्यावर बसले. कडकने विचारलं, “तुमचं काय?” जसं दुकानदार विचारतो. आणि हे बोलायला लागले. मुलीला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तिथपासून. चाळीस मिनिटं. निम्मं मला माहीत नव्हतं आणि मी त्याच घरात राहत होते.

मध्ये दोनदा मला बोलायचं होतं, ‘अहो, तसं नव्हतं’. नाही बोलले. ओठ चावून बसले.

८ एप्रिल, मंगळवार

उद्या कडकचं ऑपरेशन. वॉर्डात भेटायला गेलो. आमच्या आधी पाळकसाहेब येऊन दारात उभे होते, हातात काही नाही, पुस्तकही नाही. “आत येऊ का?” त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, “गालाला हात लावणार नसाल तर या.”

ते म्हणाले, “तुमच्या वर्गाचं मी समितीत पुन्हा काढलंय. मी हरलो. पुन्हा काढणार आहे.” तिने मान हलवली. मग प्रार्थना करू का म्हणाले, तर ती म्हणाली, “मी करते. माझं ऑपरेशन आहे.”

हळू, एका बाजूने बोलली. “देवा, तीन वर्षं विचारतेय, तू सांगितलं नाहीस. ते उरलंच आहे, मी विसरलेले नाही. उद्या आठ वाजता मी टेबलावर असेन. तू तिथे यायचंस. उशीर करायचा नाही. डॉक्टरांचा हात धरायचास. आणि नाही बरी झाले, तरी मी तुला सोडणार नाही, तूही मला सोडायचं नाहीस. आमेन.”

पाळकसाहेबांच्या तोंडून आमेन निघेपर्यंत ह्यांचं म्हणून झालं होतं. मोठ्याने. शेजारच्या खाटेवरच्या बाई दचकल्या.

१२ एप्रिल, शनिवार

ऑपरेशन झालं. तीन दिवस झाले, कळ नाही. डावा गाल बधिर आहे, दुसऱ्या कुणाचातरी उसना आणल्यासारखा वाटतो म्हणाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, परत येऊ शकतं. दोन वर्षांनी, दहा वर्षांनी किंवा कधीच नाही. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “आलं तर परत भांडू. आता सवय आहे.” मग वॉर्डातल्या चादरीची कड दाखवून म्हणाली, मी लाँड्रीत नाही, तर तिथल्यांनी रोलर तापू न देता माल काढलाय, बघा.

दुपारी घरी आलो. जेवण झालं. भांडी विसळता विसळता मी ह्यांना म्हटलं, “शेवटच्या दिवशी आपली मुलगी तुम्हाला काहीतरी म्हणाली. मी पलीकडे डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करत होते. मला ऐकू आलं नाही. काय म्हणाली?”

सहा वर्षं मी हे विचारलं नव्हतं.

ह्यांनी नळ बंद केला. टॉवेलला हात पुसले, खुर्ची ओढून बसले, मलाही बसायला सांगितलं. आणि सांगितलं. मी मध्ये बोलले नाही. नंतर आम्ही दोघं रडलो, चांगले मोठ्याने. खालच्या मजल्यावरच्यांनी बेल वाजवली तरी उठलो नाही.

ती काय म्हणाली ते या वहीत लिहिणार नाही. ते आमच्या दोघांचं आहे.